रॉकचा थोर गायक कोण? पाचगणीचा फ्रेडी
रॉकमधला सर्वश्रेष्ठ गायक कोण, या वादात फ्रेडी मर्क्युरीचे नाव हमखास निघते. मूळ नाव फारोख बलसारा, पारशी कुटुंबातला; जन्म झांझिबारचा, ५ सप्टेंबर १९४६. शिकला मात्र पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. तिथल्या 'हेक्टिक्स' या शाळकरी बँडमध्ये तो पियानो वाजवायचा. १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानात 'क्वीन'सोबत जेमतेम वीस मिनिटांत त्याने सारी गर्दी गायला लावली.

'रोलिंग स्टोन' मासिकाच्या २०२३ च्या यादीत (तीत सर्व प्रकारचे गायक आहेत) अरेथा फ्रँकलिन पहिली, फ्रेडी १४ वा, आपल्या लतादीदी ८४ व्या! सिनियॉरिटी लिस्ट बँकेत ठीक, गाण्यात कशी चालेल? रॉकपुरते माझे मत फ्रेडीलाच. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी, ४५ व्या वर्षी तो गेला.