भुईआवळी

पहिला पाऊस झाला, की आमच्या चर्चच्या आवारात फरश्यांच्या सांधीतून भुईआवळी डोके वर काढते. खारघरच्या टेकडीपाशी, सिडकोच्या मोकळ्या भूखंडांवर, गटारांच्या काठी, सर्वत्र ती न बोलावता येते. वीतभर रोप, चिंचेसारखी बारीक पाने आणि त्यांच्याखाली ओळीने लटकलेली मोहरीहून थोडी मोठी फळे. कावीळ झाली, की ती मुळासकट वाटून ताकातून किंवा दुधातून देण्याची रीत आपल्याकडे घरोघरी आहे.

शास्त्रीय नाव फायलँथस अमारुस. अमारुस म्हणजे कडू. सेमिनरीत घोकलेले लॅटिन असे अवचित उपयोगी पडते. चरकसंहितेत 'तामलकी' कासहर व श्वासहर या दोन्ही गणांत येते, म्हणजे खोकला व दमा यांवर. आयुर्वेद तामलकी म्हणजे भुईआवळी मानतो. परंतु अनेक वनस्पतिशास्त्रज्ञ हे रोप मूळचे अमेरिकेतील समजतात. तसे असेल, तर चरकांची तामलकी हिची एखादी बहीण असावी. ब्राझीलमध्ये हिच्या जवळच्या जातींना पोर्तुगीज भाषेत 'केब्रा-पेद्रा', म्हणजे दगडफोडी म्हणतात. तिकडे ती मूतखड्यावर देतात.

कोचीनचे डच अधिकारी वान ऱ्हेडे यांनी मलबारच्या वनस्पतींवर 'होर्तुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला (१६७८ ते १६९३). त्यात 'किरगनेली' या मल्याळी नावाने भुईआवळी आहे. या कामाच्या आरंभी कार्मेली संघाचे इटालियन फादर मॅथ्यू यांचे साहाय्य झाले. इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य आणि रंग भट, विनायक पंडित व आपू भट हे कोकणीभाषक वैद्य यांनी माहिती पुरवली. या तिघांचे १६७५ सालचे कोकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेले आहे. परदेशी ग्रंथात आपली अक्षरे पाहून आम्हांला अजूनही नवल वाटते. पुढे मुंबईत कीर्तिकर व बसू यांच्या भारतीय औषधी वनस्पतींवरील ग्रंथाची दुसरी आवृत्ती ब्लॅटर व केयस या येशूसंघीय फादरांनी म्हसकरांसह १९३०च्या दशकात संपादिली.

१९८८ साली 'लॅन्सेट'मध्ये मद्रासच्या त्यागराजन व त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध आला. हेपॅटायटिस बीचे विषाणू रक्तात बाळगणाऱ्या ३७ जणांना भुईआवळीचे चूर्ण तीस दिवस दिले, तेव्हा २२ जणांच्या रक्तातून त्या विषाणूची खूण नाहीशी झाली. चूर्ण न मिळालेल्या २३ जणांत केवळ एकाची. या विषाणूच्या शोधासाठी १९७६चे नोबेल मिळवणारे ब्लूमबर्ग सहलेखक होते. साहजिकच आशा उंचावली. परंतु थायलंड व न्यूझीलंड येथील प्रयोगांत तसे फळ मिळाले नाही, आणि २०११च्या कोक्रेन समीक्षेलाही खात्रीलायक पुरावा आढळला नाही.

मग आजीच्या औषधाने माणसे बरी होत, ती कशी? पावसाळ्यात दूषित पाण्याने होणारी हेपॅटायटिस ए ही कावीळ बहुधा आपोआप उतरते; श्रेय जुडीला जाते. हेपॅटायटिस ई मात्र गरोदर स्त्रीच्या जिवावर उठते. हे आम्हांला फार उशिरा कळले. काही वर्षांपूर्वी एका तरुणाने पत्नीसाठी भुईआवळी मागितली. आम्हीच आवारातून उपटून दिली. ती दोन जिवांची आहे, हे त्याने सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. आठवड्याने तिला इस्पितळात नेले. ती वाचली, बाळ गेले. त्या घरी जाताना आमची पावले आजही जड होतात.

यंदाही भुईआवळी उगवली आहे. माळ्याला ती उपटू दिलेली नाही. मागणारे येतात, तेव्हा रक्ताची तपासणी झाली का, घरात कुणी गरोदर आहे का, एवढे आधी विचारतो. एकदोघे रागावून गेले.