पेटी कोठली? : बाजाच्या पेटीच्या उगमनिश्चितीविषयी एक टिपण

पिंप्राळा हे गाव आता जळगाव शहरात मिसळून गेले आहे. तथापि आषाढी एकादशीस तेथे निघणारा पांडुरंगाचा रथ त्याची पृथक् ओळख अद्यापि राखून आहे. अशा उत्सवांतून, तसेच खानदेशातील भजने, कीर्तने व तमाशाचे फड यांतून जी वाद्ये ऐकू येतात, त्यांपैकी टाळ, वीणा वा पखवाज यांच्याविषयी 'हे कोठे घडले?' असा प्रश्न सहसा कोणी करीत नाही. बाजाच्या पेटीविषयी मात्र तो हटकून केला जातो, आणि 'कलकत्त्याची', 'जर्मन सुरांची', 'पॅरिसची' अशी उत्तरे अभिमानाने दिली जातात. या उत्तरांची किंमत इतिहासाच्या दृष्टीने काय, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की, पेटी ही एक वस्तू नसून किमान तीन वस्तूंचा संयोग आहे. लाकडी खोके, पट्ट्या व भाता हा एक भाग. ज्यांना आपले कारागीर नुसते 'सूर' म्हणतात त्या पितळी पट्टिका हा दुसरा. आणि त्या सुरांची जुळणी हा तिसरा. हे तिन्ही भाग एकाच गावी सिद्ध झाले असतील असे गृहीत धरण्यास काहीही आधार नाही. बहुधा ते तसे झालेले नसतात.

खोक्यावरील नामपट्टी हा सर्वांत ठळक आणि सर्वांत दुबळा पुरावा होय. नामपट्टी विकणाऱ्याची असू शकते, घडविणाऱ्याची असेलच असे नाही. शिवाय नावे फसवी असतात. 'ड्वार्किन' हे नाव वाचून एखादी साहेबी पेढी डोळ्यांपुढे उभी राहते. प्रत्यक्षात ती द्वारकानाथ घोष यांनी १८७५ साली कलकत्त्यात स्थापिलेली. पॅरिसमध्ये अलेक्सांद्र दबँ यांनी १८४० साली ज्या वाद्याचे एकस्व घेतले ते पायाने भाता हलविण्याचे, खुर्चीवर बसून वाजविण्याचे होते. बैठकीत मांडी घालून, एका हाताने भाता व दुसऱ्याने पट्ट्या, ही सोय हिंदुस्थानात रुळविण्याचे श्रेय सामान्यतः घोष यांस दिले जाते. पुढे मुंबईतही हा धंदा वाढला. दादरची हरिभाऊ विश्वनाथ यांची पेढी १९२५ सालची. मात्र या देशी खोक्यांत पुष्कळदा पॅरिसचे अथवा जर्मनीचे सूर बसविलेले असत. कालांतराने सौराष्ट्रातील पालीताणा येथे सूर तयार होऊ लागले, आणि तेही इतके सरसकट वापरले गेले की 'पालीताणा' हे गावाचे नाव न राहता मालाच्या प्रतीचे नाव झाले.

म्हणून परीक्षकाने पेटी उघडून सुरांकडे वळावे. सूर म्हणजे पितळेची चौकट आणि तिच्यावर एका टोकाशी रिव्हेटने जखडलेली पातळ जीभ. चौकटीच्या माथ्याशी कारखान्याचा छाप असल्यास तो नोंदवावा. केवळ रोमन अक्षरांत स्वराचे नाव कोरलेले आहे म्हणून सूर विलायती ठरत नाही, कारण देशी सुरांवरही तशीच अक्षरे असतात. सर्व सूर एकाच छापाचे आहेत की मध्येच दोन-चार निराळे आहेत, हेही पाहावे. तुटलेल्या सुराच्या जागी हाताशी असेल तो बसविण्याची चाल सार्वत्रिक आहे. त्यामुळे पन्नास-साठ वर्षे भजनात वाजलेली पेटी क्वचितच एकजिनसी आढळावी. खर्जाचे सूर जर्मन आणि नराचे पालीताण्याचे, अशी पेटी 'कोठली' म्हणावी?

याहून बोलका पुरावा जिभेवर असतो. जिभेच्या टोकाशी धातू खरवडला तर सूर चढतो, मुळाशी खरवडला तर उतरतो. प्रत्येक जुळणीच्या वेळी कानस व पाते यांचे ओरखडे तेथे उमटतात, आणि ते पुसले जात नाहीत. छाप पॅरिसचा असला तरी ओरखडे गावच्या कारागिराचे असतात. प्रस्तुत लेखकाच्या मते पेटीच्या चरित्रातील हा सर्वांत दुर्लक्षित लेख होय.

वाद्याच्या उगमाविषयी सर्वांत बारीक चिकित्सा अलीकडे विद्युत्-गिटारच्या संग्राहकांनी केली आहे. फेंडर या अमेरिकन पेढीच्या गिटारी १९८२ पासून जपानातही होऊ लागल्या. मात्सुमोटो येथील फुजिगेनच्या कारखान्यात घडलेल्या आरंभीच्या गिटारींवर 'जेव्ही' या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक मानेच्या मागील पत्र्यावर असे. पण तो पत्रा चार स्क्रूंनी बसविलेला! मान व धड हेही सुटे होतात. तेव्हा जाणते लोक मान उतरवून तिच्या बुंध्यावरील तारीख, आतील तारा व जोडकाम पाहतात. जपानी म्हणून प्रथम हलक्या मानल्या गेलेल्या त्याच गिटारी पुढे चढ्या भावाने विकल्या जाऊ लागल्या. गिटारी त्याच राहिल्या, बदलली ती गावाच्या नावाची प्रतिष्ठा.

आपल्याकडे पेटीच्या उगमाचा प्रश्न बाजारापुरता राहिला नाही. तो राज्यव्यवहाराचा झाला. आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रात पाश्चात्त्य संगीताचे काम पाहणारे जॉन फाउल्ड्स यांनी १९३८ साली पेटीविरुद्ध लिहिले. जानेवारी १९४० मध्ये रवींद्रनाथांनी कलकत्ता केंद्रास तिच्या बहिष्काराविषयी पत्र पाठविले. आणि १ मार्च १९४० पासून ती नभोवाणीवर बंद झाली. ही बंदी १९७१ साली सैल होईपर्यंत तीन दशके चालली. ज्या वाद्यावर गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी कीर्ती मिळविली आणि ज्याच्या आधाराने मराठी रंगभूमी गात आली, ते नभोवाणीपुरते परके ठरले.

आक्षेपांत तथ्य नव्हते असे नाही. पेटीत मींड निघत नाही. समविभागी जुळणीतील गांधार तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणाऱ्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (सप्तक १२०० सेंटांचे), आणि ज्याचा कान तयार आहे त्यास तो बोचतो. परंतु हा दोष जुळणीचा आहे, जन्मस्थानाचा नव्हे. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि न्यायाधीश क्लेमंट्स यांच्या सहकार्याने श्रुतीनिष्ठ पेटीची योजना आखली. ती पेटी घडली लंडनमध्ये! म्हणजे भारतीय स्वरांसाठी मुद्दाम योजिलेली पेटी विलायतेत झाली, आणि समविभागी पेट्या कलकत्त्यात व मुंबईत सुतारांच्या हातून होत राहिल्या. देवलांच्या श्रुती सर्वमान्य झाल्या नाहीत. १९१६ च्या बडोदे येथील संगीत परिषदेत त्यांवर वाद माजला. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी पुन्हा नव्याने सिद्ध केली आहे. 'पेटी विदेशी म्हणून वर्ज्य' आणि 'पेटी बेसूर म्हणून वर्ज्य' ही दोन विधाने १९४० साली एकत्र बांधली गेली. त्यांची गाठ सोडविल्यावाचून त्या निर्णयाचे मूल्यमापन होऊ शकत नाही.

तर मग स्थळाला काहीच अर्थ नाही काय? मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांस २०२४ साली भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली. तेथे भोपळा पंढरपूरकडून येतो. तरीही भोपळा कोरण्यापासून जवारी काढण्यापर्यंतची विद्या मिरजेच्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या एकवटलेली आहे, आणि नोंदणी वस्तुतः त्या विद्येची आहे. पेटीची विद्या अशी एका गावी बसली नाही. ती कलकत्ता, पालीताणा, मुंबई अशी विखुरली, आणि मुंबई–भुसावळ लोहमार्गाने जळगावासारख्या कापसाच्या पेठांत आली.

खानदेशातील मंदिरांत व भजनी मंडळांत जुन्या पेट्या अजून आहेत. 'पॅरिस सुरांची' म्हणून व्यापारी त्यांतील सूर काढून नेतात आणि खोके उरते. मग नामपट्टीवाचून काही वाचता येत नाही. त्यापूर्वी प्रत्येक पेटीचे लाकूड, सुरांचे छाप, बदललेल्या सुरांच्या जागा, जिभांवरील ओरखडे, आणि ती कोणी, कोठून, केव्हा आणली याविषयी मंडळातील वृद्धांची सांगी, एवढे टिपून घ्यावे. काम मोठे नाही. पेचकस, भिंग आणि एक वही पुरे. पिंप्राळ्यापासून आरंभ करण्यास आषाढीनंतरचे दिवस सोयीचे, कारण तेव्हा पेट्या दुरुस्तीसाठी उघडलेल्याच असण्याचा संभव अधिक.