वकट, लेंड, मूंड

आमच्या पोरवयात खेळणं विकत आणायची पद्धत नव्हती. जत्रेत एखादी पिपाणी मिळाली तर मिळाली. बाकी सगळं रानातनं आणि उकिरड्यातनं गोळा व्हायचं. बाभळीच्या फांदीची विटी, कुणाच्या तरी मोडक्या खाटेच्या ठाव्याचा दांडू, फुटक्या घागरीची खापरी, चिंचोके, कुंपणाच्या काटेरी वेलीवरचे सागरगोटे. खेळांना ऋतू होते. सुगी झाली, रानं मोकळी पडली की विटीदांडू निघायचा. पंचमीच्या आसपास पोरींचे झोके आणि फुगड्या. उन्हाचा कडाका वाढला की देवळाच्या सावलीत वाघ-शेळी. कुणी वेळापत्रक लावलेलं नव्हतं, पण चुकतही नसे.

विटीदांडूचं मला आज नवल वाटतं ते त्यातल्या मोजणीचं. गलीवर विटी आडवी ठेवून कोलायची. समोरच्यानं झेलली तर डाव गेला. झेलली नाही तर पुढं टोला. विटी जिथं पडेल तिथनं गलीपर्यंतचं अंतर दांडूनं मोजायचं. पण एक, दोन, तीन असं नव्हे. वकट, लेंड, मूंड, नाल, आर, वेद, झकू. सात झाले की पुन्हा वकट. मोजणी ज्या नावावर थांबेल त्या पद्धतीनं पुढचा टोला मारायचा. आमच्या आळीत वकट आला तर विटी पायाच्या चवड्यावर ठेवून उडवायची, मूंड आला तर मुठीवरनं, आर आला तर मान मागं टाकून मिटल्या डोळ्यावर ठेवून. गावोगाव यात फरक असतो, आणि त्यावरनं पाहुण्या पोरांशी भांडणंही होतात.

आता हिशेब बघा. विटी अडतीस दांडू लांब गेली, तर पाच वेळा सात पस्तीस, उरले तीन, म्हणजे मूंड. ज्या पोराला शाळेत सातानं भागायला सांगितलं की घाम फुटायचा, ते पोरगं विटी पडल्या पडल्या लांबनंच ओरडायचं, "मूंड येतोय रं!" अंतराचा अंदाज, भागाकार आणि उरलेली बाकी, तिन्ही एका दमात. पुढच्या टोल्याला उभं कसं राहायचं हे त्या बाकीवर ठरायचं, म्हणून बाकी चुकवून चालत नसे. समोरच्या डावातली पाचसहा पोरं ती तपासायला टपलेलीच असत.

ही नावं आली कुठनं? आमचं गाव सोलापूर जिल्ह्याच्या दक्षिणेला. बाजाराला गेलं की कानडी कानावर पडायची, आणि सोलापुरात पूर्वभागात गेलं की पद्मशाली विणकरांची तेलुगू. तेलुगूत एक म्हणजे ओकटी, दोन रेंडू, तीन मूडू, चार नालुगू, पाच ऐदू, सहा आरू, सात एडू. आमची वकट, लेंड, मूंड, नाल ही त्याचीच पोरांनी चावून मऊ केलेली रूपं. ऐदू मधेच कुठंतरी गळाला, सहाचा आरू पाचाच्या जागी येऊन बसला आणि एडूचा वेद झाला. मजा अशी, की हे आकडे फक्त आमच्या सीमेवरच्या गावांत नाहीत. पुण्याकडं, कोकणात, जिथं तेलुगू बोलणारा माणूस पोरांनी कधी पाहिला नसेल, तिथंही विटी याच आकड्यांनी मोजली जाते. राज्यं बदलली, भाषेच्या सीमा आखल्या गेल्या, १९६० साली महाराष्ट्र झाला, पण पोरांच्या तोंडातले आकडे कुणाला पुसता आले नाहीत.

हा खेळ जुनाही आहे. तुकोबांच्या गाथेत विटीदांडूवर अभंग आहेत. चेंडूफळी, हमामा, हुतूतू, फुगडी, टिपरी यांच्यावरही आहेत. म्हणजे साडेतीनशे वर्षांमागं इंद्रायणीकाठची पोरं जे खेळत होती, तेच आम्ही खेळत होतो. तुकोबांनी त्यात परमार्थ सांगितला. पण ऐकणाऱ्याला खेळ ठाऊक असल्याशिवाय तो परमार्थ कळला नसता.

वाघ-शेळीचा पट आमच्या देवळाच्या ओट्यावर दगडातच कोरलेला होता. कुणी कोरला ते म्हाताऱ्यांनाही माहीत नव्हतं. असे पट महाराष्ट्रातल्या कितीतरी जुन्या देवळांच्या नि लेण्यांच्या फरशीवर दिसतात. तीन वाघ, पंधरा शेळ्या. वाघानं उडी मारून शेळी खायची, शेळ्यांनी वाघाची वाट कोंडायची. तेलुगू मुलखात यालाच पुली-मेका म्हणतात, पुली म्हणजे वाघ आणि मेका म्हणजे शेळी. या खेळात हात चालवून उपयोग नाही. एक शेळी मुद्दाम वाघाच्या तोंडी द्यायची आणि मागं दोन वाटा बंद करायच्या, हे ज्याला जमलं तो जिंकला. आमच्याकडं गुराखी यात पटाईत. बसून बसून विचार करायला वेळ त्यांच्याकडंच होता.

हे झाले पोरांचे खेळ. पण चपळाईत सगळ्यांवर ताण होती ती सागरगोट्यांची, आणि तो खेळ पोरींचा. काही भागात यांना गजगे म्हणतात. राखी रंगाचं, गोटीएवढं, टणक बी. पाच घ्यायचे. एक वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत जमिनीवरचा एक उचलायचा आणि वरचा झेलायचा. मग दोन-दोन, मग तीन नि एक, मग चारही एकदम. दोन फूट वर उडवलेला सागरगोटा हातात परत यायला पाऊण सेकंदसुद्धा लागत नाही. तेवढ्यात डोळा वर, हात खाली, आणि शेजारच्या गोट्याला धक्का लागता कामा नये, नाहीतर डाव गेला. म्हणून उडवायच्या आधीच मनात ठरवावं लागतं, कुठला कशाबरोबर उचलायचा, कुठला शेवटी ठेवायचा. हात आणि डोकं यांत फट राहून चालत नाही.

माझी आक्का यात अख्ख्या गल्लीत एक नंबर होती. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. तिसरी झाल्यावर धाकट्याला सांभाळायला म्हणून तिची शाळा सुटली. कडेवर पोर आणि कनवटीला सागरगोटे. पोर निजलं की ओसरीवर खेळ सुरू.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. १९७२ च्या पावसानं दगा दिला. आमच्या भागात ज्वारीचा दाणा घरात आला नाही. दुष्काळी कामं निघाली आणि आई खडी फोडायला जाऊ लागली. पुढं १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, त्याची मुळं या कामांत आहेत. आम्ही पोरं सुकडीच्या आशेनं तिथंच असायचो. आक्का तेव्हा तेरा वर्षांची. दुपारच्या सुट्टीत ती खडीतलेच गुळगुळीत खडे वेचून खेळायची. सागरगोट्यांची पिशवी मात्र तिनं दुसऱ्या कामाला लावली होती. आई कामावर गेली की त्या दिवसाचा एक सागरगोटा पिशवीत. अर्धा दिवस भरला तर चिंचोका. शेजारच्या चौघी बायांचे दिवस ती नुसते डोक्यात ठेवायची.

एका आठवड्याच्या वाटपाला मुकादमानं आईचे चार दिवस वाचले. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, ती गप्प उभी राहिली. आक्का पुढं झाली. "मामा, पाच दिस हायती. सोमवारी पाण्याचा टँकर उशिरा आला, त्या दिशी आईच घागर घेऊन तुमच्याकडं आलीवती. आठवतंय न्हवं?" आणि थांबली नाही. चौघींचेही दिवस तिनं वारांसकट सांगितले. मुकादम चिडला, पण मस्टर पुन्हा उघडलं. सोमवारचा रकाना आईच्या नावापुढं मोकळा होता. आईला पाचव्या दिवसाचे पैसे मिळाले. दुसऱ्या एकीचा अर्धा दिवस भरून निघाला.

गावात त्याची चर्चा झाली ती अशी, की "पोरगी लई फटकळ हाय." हुशार असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. दोन वर्षांनी तिचं लग्न झालं. सासरी जाताना आईनं तिला सांगितलं, तिथं पोरीबाळींसारखं खेळत बसू नगंस. तिनं पिशवी घरीच ठेवली.

खेळांचा लिहिलेला इतिहास वाचताना मला ही पिशवी आठवते. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं खो-खोचे नियम बसवले. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूनं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवले. आमच्या हुतूतूचा कबड्डी होऊन १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत तो पदकाचा खेळ झाला. बायकांच्या कबड्डीला त्याच स्पर्धेत जागा मिळाली २०१० साली, ग्वांगजौला. मधे वीस वर्षं गेली. या सगळ्याचा अभिमान वाटतो, वाटायलाच हवा. पण ज्या खेळाला मैदान लागतं, आरोळी लागते, त्याला नियम मिळाले, पंच मिळाले, बक्षीस मिळालं. ओसरीवर बसून खेळल्या जाणाऱ्या खेळाला आमच्या गावात तरी कुणी कधी नारळसुद्धा दिला नाही. पोराची चपळाई म्हणजे गुण. पोरीची चपळाई भाकरी थापायला आणि खुरपायला आली की संपली, खेळ तेवढ्यापुरताच.

पुढं मी प्राथमिक शिक्षक झालो. बाकी उरणारा भागाकार चौथीच्या वर्गाच्या डोक्यात शिरेना, तेव्हा फळ्यावर सात नावं लिहिली आणि सगळ्यांना पटांगणात नेलं. चाळीस दांडूला काय? आधी पोरं बोटं मोजत राहिली. मागनं एक पोरगी म्हणाली, "आर, गुरुजी." पाच साते पस्तीस, उरले पाच, पाचवं नाव आर. आठवडाभरात वर्ग नवानं, बारानं भागू लागला. "शिवाजी म्हणतो" हा खेळही मी रोज पाच मिनिटं घेई. शिवाजी म्हणाला असेल तरच हात वर करायचा, नाहीतर हात आवरायचा. चटकन हलणं पोरांना येतंच. चटकन थांबणं शिकवावं लागतं, आणि गणितात घाईनं चुकणाऱ्या पोराला नेमकं तेच हवं असतं.

आता गावात विटीदांडूला जागा राहिली नाही. गावठाणात प्लॉट पडले, रस्त्यावर मोटारसायकली, आणि विटी डोळ्याला लागंल ही भीती खरीच आहे. पोरं मोबाइलवर खेळतात, बोटं त्यांचीही झरझर चालतात. त्याला मी नावं ठेवत नाही. पण तिथं मोजणी यंत्र करतं, भांडण यंत्र मिटवतं आणि नियमही तेच ठरवतं. आमच्या खेळात ही तिन्ही कामं पोरांच्या अंगावर होती.

आक्का आता साठीच्या पुढं गेली. बचत गटाची वही तिच्या सुनेकडं असते, पण महिन्याच्या बैठकीत बेरीज आक्काच आधी सांगते आणि वही तिच्यामागनं येते. मागच्या दिवाळीला मी तिला बाजारातनं पाच सागरगोटे आणून दिले. तिनं ते नातीच्या हातात ठेवले आणि सुनेला म्हणाली, "हिला तासभर काम सांगू नगंस." विटीदांडूला रान लागतं. सागरगोट्याला हातभर ओसरी पुरते, आणि पोरीला मोकळा सोडलेला तेवढा एक तास.