पांढऱ्या पट्ट्यांचे भाऊबंद

माघातल्या रविवारी पहाटे कोल्हापूरची माणसं पंचगंगेवर अंघोळ उरकून अनवाणी जोतिबाच्या वाटेला लागतात. पाच रविवारांचे हे खेटे. दैत्यांचा नायनाट करून केदारनाथ, म्हणजेच जोतिबा, हिमालयाकडे परत निघाला, तेव्हा अंबाबाई स्वतः चालत गेली आणि तिनं त्याला थांबवून घेतलं, अशी कथा सांगतात. तिच्या मागोमाग आजही शिवाजी पूल, वडणगे, निगवे, कुशिरे, गायमुख अशी पावलं पडतात. फरक इतकाच, की अंबाबाईच्या वाटेत रत्नागिरी महामार्ग नव्हता. आताच्या भाविकाला उजेड फुटायच्या आत त्यावरून चालावं लागतं आणि वडणगे फाट्याला तो सोडून वळावं लागतं. समोरून ट्रक आला, की त्याच्या दिव्यांनी डोळे दिपतात. ट्रकवाल्याला आपण दिसलो की नाही, हे मात्र कळत नाही.

रस्ता कुठं ओलांडायचा, हे ठरवून देण्याची युक्ती फार जुनी. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात रस्त्यावर आडवे, पदपथाच्या उंचीचे दगड बसवलेले आजही दिसतात. माणसानं सांडपाण्यात न उतरता दगडांवरून पलीकडे जायचं आणि गाड्यांची चाकं दगडांमधल्या फटीतून न्यायची. गाडीवानाला तिथं वेग कमी करण्यावाचून गत्यंतर नसे. नियमाची पाटी लावायची गरजच नव्हती.

पुढे अनेक शतकांनी लंडननं पाटीचा आणि दिव्याचा मार्ग धरला. 1868 च्या डिसेंबरात पार्लमेंटपाशी जे. पी. नाईट या रेल्वे इंजिनिअरच्या कल्पनेतला सिग्नल उभा राहिला. दिवसा रेल्वेसारखे हात, रात्री गॅसचे लाल-हिरवे दिवे. चालणाऱ्यांना, त्यात पार्लमेंटचे सभासद आलेच, घोडागाड्यांच्या गर्दीतून पलीकडे जाता यावं, हा हेतू. (पुढाऱ्यांच्या पायाखाली आलं, की प्रश्न लवकर सुटतो, हे तेव्हाही खरं होतं.) महिन्याभरातच गॅसचा स्फोट होऊन तिथला पोलीस जखमी झाला आणि तो प्रयोग बारगळला.

आपल्या झेब्रा क्रॉसिंगचं खरं कूळ सापडतं 1934 मध्ये. ब्रिटनचे वाहतूक मंत्री लेस्ली होर-बेलिशा यांनी ओलांडण्याच्या जागी काळ्या-पांढऱ्या खांबांवर नारिंगी गोळे बसवले. रस्त्यावर मात्र खिळ्यांच्या नुसत्या दोन ओळी. चालणाऱ्याला त्या दिसायच्या, पण धावत्या गाडीतून दिसेनात. म्हणून जॉर्ज चार्ल्सवर्थ यांच्यासारख्या रस्ते-संशोधकांनी पट्टे आजमावले. 1949 पासून सुमारे 1,000 ठिकाणी चाचण्या झाल्या, त्यात निळे-पिवळे पट्टेसुद्धा होते. अखेर काळ्यावर पांढरा ठरला आणि 31 ऑक्टोबर 1951 रोजी स्लाव गावात पहिलं अधिकृत झेब्रा क्रॉसिंग आलं. पट्ट्यावर पाऊल पडलं की गाडीनं थांबायचं, हा कायदा त्याच्या जोडीला होता. 1971 मध्ये दोन्ही बाजूंना नागमोडी रेघा आल्या. त्यांच्या आत ना गाडी उभी करायची, ना ओव्हरटेक करायचं.

आपल्याकडे पट्टे आले, पण त्यांचे हे भाऊबंद तिकडेच राहिले. नारिंगी गोळ्याचा खांब नाही, नागमोडी रेघ नाही, दंडाचा धाक तर नाहीच. सिग्नल नसलेल्या क्रॉसिंगवर थांबून चालणाऱ्याला वाट द्यावी, असं 2017 च्या मोटार वाहन चालन विनियमांत स्पष्ट आहे. प्रत्यक्षात एकटा माणूस पट्ट्यावर उतरला, की चालक हॉर्नवर हात ठेवतो. एका पावसाळ्यात रंग उडतो तो वेगळाच.

याच चालकाला चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर बघावं. मूळ मंदिराकडून यमाईच्या देवळाकडे सासनकाठ्या निघतात. पहिला मान पाडळी गावाचा, मग विह्याचा, असा क्रम ठरलेला. उंच वेळू एकानं पेलायचा, बाकीच्यांनी चारी बाजूंनी दोर ताणून तोल राखायचा आणि नाचवत न्यायचा. समोरचा माणूस न सांगता बाजूला होतो, गुलाल उधळतो आणि ‘चांगभलं’ म्हणतो. तिथं पट्टे आखलेले नसतात. वाट कुणाची, हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. श्रद्धा हे त्याचं एक कारण आहेच, पण गर्दी आणि दिसणं हीसुद्धा कारणं आहेत, असं मला वाटतं. काठी लांबून दिसते आणि सोबत शेकडो माणसं असतात. त्या दिवसांत पोलीस वर जाणारा आणि खाली येणारा रस्ता वेगळा करतात, गाड्या पायथ्याला अडवतात आणि लोकांना बसनं वर नेतात. चालणाऱ्याला रस्ता देणं जमतं, हे आपणच दरवर्षी दाखवून देतो.

माघात खेट्याची माणसं लहान घोळक्यांनी चालतात, ना काठी ना हलगी. त्यांच्यासाठी हे भाऊबंद बोलावून आणावे लागतील. फाट्यावर ओलांडायची जागा पॉम्पेईसारखी उंच करावी, म्हणजे चढावं लागेल ते गाडीला. पुण्यात जंगली महाराज रस्त्याच्या नव्या आराखड्यानं चालणाऱ्याला जागा काढून दिलीच की. पट्ट्यांवर स्वतंत्र दिवा हवा, कारण खेटे अंधारातच सुरू होतात. आणि एसटीचा किंवा शहर बसचा, केएमटीचा, थांबा योग्य जागी हवा. बसनं ये-जा करणाऱ्याला दिवसात एकदा तरी रस्ता ओलांडावाच लागतो, कारण जायची बस एका बाजूला आणि यायची दुसऱ्या. थांबा पट्ट्यांच्या अलीकडे असला, तर उतरलेला माणूस बसच्या तोंडासमोरून ओलांडतो आणि बसला ओव्हरटेक करणाऱ्या मोटारसायकलवाल्याला तो शेवटच्या क्षणी दिसतो. थांबा पट्ट्यांच्या पुढे नेला, की माणूस बसच्या मागून जातो आणि मागच्या गाड्यांना लांबूनच दिसतो. यासाठी फार तर शेड वीस-पंचवीस पावलं सरकवावी लागेल.