कास्तकाराची शाळा आणि कागदाची सत्ता

बाजार आणि कर्ज यांच्या कायद्यांचा इतिहास लिहायचा झाला तर वऱ्हाडला त्यात पहिल्या प्रकरणातच जागा द्यावी लागेल. १८८६ साली कारंजा (आज वाशीम जिल्ह्यात) येथे हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने देशातला पहिला नियंत्रित कापूस-बाजार उभा राहिला. १८९७ साली बेरार कापूस व धान्य बाजार कायदा झाला. असे असताना या मुलखातला कास्तकार कागदापुढे अजून आंधळा का, हा प्रश्न मला कित्येक वर्षे छळत आला आहे.

या कायद्यांची प्रेरणा कास्तकाराच्या कळवळ्याची नव्हती. १८६१ ते १८६५ या काळातल्या अमेरिकन यादवीमुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि अमरावती, खामगावचे भाव आभाळाला भिडले. इंग्रजाला स्वच्छ कापूस हवा होता, तो ठरल्या जागी, ठरल्या मापाने हवा होता. म्हणून बाजाराला कुंपण आले, दलालाला आणि मापाऱ्याला परवाने आले. बाजार समितीत मात्र व्यापारी आणि नगरपालिकेची माणसे बसली. कापूस पिकवणाऱ्याला तिथे खुर्ची नव्हती. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरायचा आणि ज्याचा माल, तो गाडीशेजारी बैलाच्या दोऱ्या धरून उभा असायचा.

त्याच काळात दख्खनमध्ये वेगळे काही घडले होते. १८७५ च्या सावकारविरोधी दंग्यांनंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. शेतकऱ्याने करावयाचा दस्त गावच्या नोंदणी-अधिकाऱ्यासमोर लिहिला जावा, अशी तजवीज त्यात होती. म्हणजे निरक्षर माणूस कशावर आंगठा उठवतो आहे ते त्याला कळावे, एवढी जबाबदारी सरकारने तत्त्वतः तरी मान्य केली. पण हा कायदा पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी होता. वऱ्हाड त्याच्या बाहेर राहिले. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून अविद्येचे आणि लुबाडणुकीचे नाते उघडे केले, तेही आमच्या खेड्यांत फार उशिरा पोचले.

वऱ्हाडात कास्तकाराची पहिली कायदेशाळा कोणी काढली असेल तर ती गाडगेबाबांनी, असे माझे मत आहे. त्यांच्या मामांची दापुऱ्याची जमीन सावकारी कर्जाच्या कचाट्यात सापडली होती. कागदावर काय लिहिले आहे हे न कळण्याची किंमत त्यांनी घरातच पाहिली होती. कीर्तनात ते लोकांनाच प्रश्न विचारीत आणि लोकांकडूनच उत्तर काढून घेत. कर्ज काढून सण करू नका, मोडकी भांडी वापरा पण पोराला शाळेत घाला, हे सांगताना त्यांनी कीर्तनाला आलेल्यांची जात पाहिली नाही.

नंतर डॉ. पंजाबराव देशमुख आले. त्यांचे मोठेपण मी कमी लेखत नाही. नोव्हेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीला परिषद भरली, अंबादेवी मंदिर-प्रवेशाचा लढा उभा राहिला. त्या लढ्यात पंजाबराव अस्पृश्यांच्या बाजूने उभे होते. १९३३ च्या कर्जलवाद कायद्याशी त्यांचे नाव जोडलेले आहे आणि त्या कायद्याने अनेक कुणबी घरांची जमीन वाचली. परंतु लवाद मंडळापुढे धनको-ऋणकोंनी कर्जाची विवरणे मांडायची होती. सालदाराने मालकाकडून घेतलेली उचल कोणत्या विवरणात बसणार? ती मालकाच्या वहीत असे आणि वही मालकाच्या पेटीत.

स्वातंत्र्यानंतर कायदे आमच्या दाराशी आले. १९५१ चा वऱ्हाडातील शेतपट्ट्यांचा कायदा, मग विदर्भासाठी १९५८ चा कूळकायदा. त्यानुसार १ एप्रिल १९६१ पासून कूळ मालक व्हायचे होते. माझे वडील तेव्हा दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात बटईने शेत करीत. मी नुकताच शाळेत जाऊ लागलो होतो. पेरेपत्रकात वडिलांचे नाव कधीच नव्हते. ‘खुद्द’ असे लिहिलेले असे, आणि खुद्द म्हणजे मालक. तगाईचा कागद आहे म्हणून एके दिवशी त्यांचा आंगठा घेतला गेला. पुढे तो शेत सोडल्याचा राजीनामा निघाला. ‘कागद वाचून दाखवा’ असे म्हणण्याची ताकद त्यांच्यात नव्हती. महारवाड्यातल्या माणसाने तसे म्हणणे हा उद्धटपणा ठरला असता.

२० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्याला कृषी विद्यापीठ झाले आणि त्याला पंजाबरावांचे नाव मिळाले. तिथल्या शिवार फेरीला मी गेलो आहे. वाण, खत, कीड, यंत्र सारे नीट समजावून देतात आणि हजारो कास्तकार मन लावून ऐकतात. मी त्या गर्दीत आमच्या वस्तीचे चेहरे शोधत होतो. ज्याचे शेतच कागदावर नाही तो वाण कशाचा विचारणार?

याचा सर्वात बोलका पुरावा ‘ई क्लास’ जमिनीचा आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. त्या जाणिवेतून आमच्या लोकांनी गावोगाव पडीक सरकारी जमिनी वहितीखाली आणल्या. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासींची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. पण वहिवाटीचा पुरावा कोणता? तलाठ्याने आकारलेल्या दंडाची पावती आणि गाव नमुना १-ई मधली नोंद! लोकांनी त्या पावत्या अपराधाची खूण समजून चुलीत घातल्या होत्या. ती शिक्षा नसून दस्तऐवज आहे, हे त्यांना कोणी सांगितले नाही. सांगायचे कोणी? तलाठ्याने सांगितले नाही, विद्यापीठाने सांगितले नाही, आणि मित्रहो, आपणही सांगितले नाही. आपण कविसंमेलने घेतली, घ्यायलाच हवी होती. सातबारा वाचण्याचे शिबिर किती जणांनी घेतले?

या अज्ञानाची किंमत वाढतच गेली. २००६ नंतर आत्महत्याग्रस्त कुटुंबाला एक लाखाची मदत द्यायची तर नावावर शेती हवी, बँकेचे, संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज हवे. बटईदार मेला की फाइलीवर ‘अपात्र’ पडते. २०१९ च्या किसान सन्मान निधीचे वर्षाला सहा हजार रुपयेसुद्धा जमीन ज्याच्या नावे त्यालाच. उन्हात राबणारी बाई तर मालकही नाही आणि बटईदारही नाही. कागदाच्या हिशेबी ती शेतीत कोठेच नाही.

आणि तरी कायद्यात वाटा आहेत. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यानुसार अवैध सावकाराने पंधरा वर्षांच्या आत खरेदीखत म्हणून बळकावलेली जमीन जिल्हा निबंधक परत देववू शकतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली गावजमिनीवरील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला, तेव्हाही शासनाने भूमिहीनांना व दलितांना दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद ठेवला. नोटीस आल्यावर हे वाक्य तहसीलदारापुढे ठेवणारा माणूस गावात हवा.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या विहारात आम्ही काही शिक्षक आणि विद्यार्थी दर रविवारी बसलो. लोकांना घरातले सगळे कागद आणायला सांगितले. पत्र्याच्या पेट्या आल्या, पिठाचे डबे आले. एका म्हातारीच्या डब्यात बाबासाहेबांच्या फोटोमागे घडी करून ठेवलेली १९८७ सालची दंडाची पावती निघाली. नवऱ्याने शेतापायी दंड भरला, ही तिच्या लेखी त्याची आठवण होती. पोरांनी तिच्या तीन झेरॉक्स काढल्या आणि सोमवारी तहसीलमध्ये अर्ज दिला. पोच घेतली आहे.