लहान राष्ट्र, मोठा वारसा : उरुग्वेच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

दक्षिण अमेरिकेच्या नकाशावर ब्राझील आणि अर्जेंटिना या दोन विशाल राष्ट्रांच्या मध्ये उरुग्वे हा छोटा देश वसलेला आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १ लाख ७६ हजार चौरस किलोमीटर असून २०२३ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ३५ लाख आहे. असे असूनही या देशाच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाने १९२४ व १९२८ ची ऑलिम्पिक सुवर्णपदके, १९३० व १९५० ची विश्वविजेतेपदे आणि दक्षिण अमेरिकेतील अजिंक्यपद स्पर्धा तब्बल १५ वेळा जिंकली. एवढ्या लहान राष्ट्राला हे यश कसे लाभले, हा क्रीडा-इतिहासातील एक महत्त्वाचा प्रश्न होय.

या प्रश्नाचे उरुग्वेत दिले जाणारे लोकप्रिय उत्तर 'गार्रा चारुआ' या दोन शब्दांत सामावलेले आहे. 'गार्रा' म्हणजे पंजा आणि 'चारुआ' म्हणजे त्या भूमीवरील मूळ रहिवाशांची एक लढाऊ जमात. हार न मानणारी चिवट वृत्ती हाच आमच्या यशाचा पाया, असा या उत्तराचा आशय आहे. हे उत्तर कितपत टिकते, याची ऐतिहासिक घटनांच्या आधारे तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

खेळाचे आगमन आणि त्याचे देशीकरण

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश भांडवलाबरोबर रेल्वे, बँका आणि इंग्रजी शाळा मोंटेव्हिडिओत आल्या व त्यांच्यासोबत फुटबॉलही आला. १८९१ मध्ये रेल्वे कर्मचाऱ्यांनी स्थापन केलेला क्रिकेट क्लब पुढे 'पेन्यारोल' या नावाने विख्यात झाला. क्रिकेटसाठी निघालेली संस्था फुटबॉलची मातृसंस्था बनली, ही बाब ब्रिटिश साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला घडलेल्या इतिहासाशी परिचित असलेल्या भारतीय वाचकाला उद्बोधक वाटेल. १८९९ मध्ये स्थानिक विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने 'नासिओनाल' हा क्लब स्थापन झाला. २० जुलै १९०२ रोजी अर्जेंटिनाकडून ०-६ असा दारुण पराभव पत्करावा लागला. परंतु १९०३ मध्ये नासिओनालच्याच खेळाडूंनी बनलेल्या राष्ट्रीय संघाने ब्युनोस आयर्स येथे अर्जेंटिनाला ३-२ असे नमविले. परक्यांचा खेळ एव्हाना आपलासा झाला होता.

शाळा, श्रम आणि मैदान

या यशामागील सामाजिक पार्श्वभूमी लक्षात घेणे आवश्यक आहे. होसे पेद्रो वारेला यांच्या प्रयत्नांतून १८७७ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे झाले. पुढे होसे बाट्ये यांच्या दोन अध्यक्षीय कारकिर्दींत (१९०३-०७ आणि १९११-१५) कल्याणकारी राज्याची पायाभरणी झाली. १९११ मध्ये राष्ट्रीय शारीरिक शिक्षण आयोगाची स्थापना झाली आणि १९१५ मध्ये आठ तासांच्या कामाच्या दिवसाचा कायदा संमत झाला. कामगाराच्या हाती मोकळा वेळ आला आणि वस्तीत मैदान उपलब्ध झाले. या दोन गोष्टींचा खेळाच्या प्रसाराशी असलेला संबंध उघड आहे. शिवाय लोकवस्ती मोठ्या प्रमाणात राजधानीत एकवटलेली असल्याने गुणवान खेळाडू नजरेतून सुटणे कठीण होते. लहान असणे ही येथे उणीव न ठरता सोय ठरली.

वर्णभेदाचा प्रश्न

१९१६ मध्ये ब्युनोस आयर्स येथे पहिली दक्षिण अमेरिकन स्पर्धा झाली. उरुग्वेचे एक्तोर रिवादाविया गोमेस यांच्या पुढाकाराने खंडीय फुटबॉल महासंघाचीही स्थापना याच वेळी झाली. सलामीच्या सामन्यात उरुग्वेने चिलीला ४-० असे हरविले. त्यातील दोन गोल इसाबेलिनो ग्रादिन या कृष्णवर्णीय खेळाडूचे होते. ग्रादिन आणि हुआन देल्गादो हे 'आफ्रिकन' असल्याची तक्रार चिलीच्या प्रतिनिधींनी केली. ती नंतर मागे घेण्यात आली. वास्तविक हे दोघेही उरुग्वेचेच नागरिक होते. त्या काळात कृष्णवर्णीयांना राष्ट्रीय संघात स्थान देणे शेजारील राष्ट्रांना अनाकलनीय वाटत होते, हे या प्रसंगावरून स्पष्ट होते. स्पर्धा उरुग्वेने जिंकली.

हीच परंपरा १९२४ मध्ये पॅरिसला पोहोचली. त्या वेळी देशांतर्गत संघटनेत फूट पडलेली होती. त्यामुळे पेन्यारोलच्या खेळाडूंविनाच संघ निवडावा लागला. वाटेत स्पेनमध्ये नऊ सामने खेळून आणि ते सर्व जिंकून हा संघ पॅरिसला दाखल झाला. तेथे युगोस्लाव्हियाला ७-०, यजमान फ्रान्सला ५-१ आणि अंतिम सामन्यात स्वित्झर्लंडला ३-० असे पराभूत करून त्याने सुवर्णपदक मिळविले. आखूड पासांचा, जमिनीलगतचा आणि परस्पर समन्वयाचा हा खेळ युरोपला नवा होता. होसे लेआंद्रो आंद्रादे या कृष्णवर्णीय मध्यरक्षकाचे पॅरिसमध्ये विशेष कौतुक झाले. १९२८ मध्ये ॲमस्टरडॅम येथे अर्जेंटिनाविरुद्धचा अंतिम सामना १-१ असा बरोबरीत सुटल्यानंतर फेरसामन्यात २-१ ने विजय मिळवून उरुग्वेने हे यश पुन्हा संपादन केले.

१९३० : शतसांवत्सरिक सोहळा

१८३० मध्ये देशाची पहिली राज्यघटना अमलात आली होती. तिच्या शताब्दीनिमित्त पहिली विश्वचषक स्पर्धा भरविण्याचा मान उरुग्वेला मिळाला. पाहुण्या संघांचा प्रवास व निवास खर्च उचलण्याची तयारी या देशाने दर्शविली होती. तरीही युरोपातून फ्रान्स, बेल्जियम, रुमानिया आणि युगोस्लाव्हिया हे चारच संघ आले. वास्तुविशारद हुआन अंतोनिओ स्कासो यांनी आखलेले 'सेंतेनारिओ' क्रीडागार १८ जुलै १९३० रोजी, म्हणजे नेमके घटनेच्या शताब्दीदिनी, खुले झाले. ३० जुलै रोजी अंतिम सामन्यात मध्यंतराला १-२ असे पिछाडीवर असूनही उरुग्वेने अर्जेंटिनावर ४-२ अशी मात केली. युरोपीय राष्ट्रांच्या अनास्थेचा सल मात्र राहिला आणि १९३४ च्या इटलीतील स्पर्धेत उरुग्वेने भाग घेतला नाही. विश्वविजेत्या संघाने पुढील स्पर्धेपासून दूर राहण्याचे इतिहासातील हे एकमेव उदाहरण आहे.

१९५० : माराकाना

१९५० च्या ब्राझीलमधील स्पर्धेतून अनेक संघांनी माघार घेतली. पात्र ठरलेला भारतही त्यांत होता. परिणामी तेरा संघ उरले आणि उरुग्वेला पहिल्या फेरीत बोलिव्हियाविरुद्ध एकच सामना खेळावा लागला. तो त्याने ८-० असा जिंकला. १६ जुलै रोजी रिओ येथील माराकाना क्रीडागारात सुमारे दोन लाख प्रेक्षकांसमोर निर्णायक सामना झाला. ब्राझीलला बरोबरीही पुरेशी होती. फ्रियासाच्या गोलने ब्राझीलने आघाडी घेतली. तथापि स्कियाफिनो आणि गिग्गिया यांच्या गोलांनी उरुग्वेने २-१ असा विजय मिळविला.

या विजयाचे श्रेय कर्णधार ओब्दुलिओ वारेला यांच्या जिद्दीला दिले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु हेच वारेला १९४८-४९ मधील व्यावसायिक खेळाडूंच्या प्रदीर्घ संपाचे एक नेते होते, याचा उल्लेख विजयगाथांमध्ये क्वचित आढळतो. माराकानावर दिसलेली एकजूट व नेतृत्व हे रक्तातून आलेले गुण मानण्यापेक्षा संघटित श्रमिकांच्या अनुभवातून घडलेले गुण मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

मिथकाचा शोध

येथे 'गार्रा चारुआ' या संकल्पनेकडे वळावे लागते. १९३५ मध्ये लिमा येथील स्पर्धेत वयस्कर खेळाडूंच्या संघाने अर्जेंटिनाला ३-० असे हरविल्यानंतर हा शब्दप्रयोग विशेष रूढ झाला, असे सामान्यतः मानले जाते. ज्या जमातीचे नाव येथे अभिमानाने घेतले जाते तिचे काय झाले? ११ एप्रिल १८३१ रोजी साल्सिपुएदेस येथे राष्ट्राध्यक्ष फ्रुक्तुओसो रिवेरा यांच्या फौजेने चारुआंना बोलावून घेऊन त्यांची कत्तल केली. वाचलेल्यांना मोंटेव्हिडिओत घरोघरी वाटण्यात आले. १८३३ मध्ये वैमाका पिरू, सेनाके, ताकुआबे आणि गुयुनुसा या चौघांना पॅरिसमध्ये प्रदर्शनासाठी नेण्यात आले. वैमाका पिरूचे अवशेष मायदेशी परतण्यास २००२ साल उजाडावे लागले.

म्हणजे ज्या पॅरिसमध्ये १८३३ साली चार चारुआ तिकीट लावून दाखविले गेले, त्याच पॅरिसने १९२४ साली उरुग्वेच्या अकरा खेळाडूंना डोक्यावर घेतले. आणि पुढे त्या खेळाडूंच्या पराक्रमाला त्याच चारुआंचे नाव मिळाले. ज्यांना राष्ट्राने नष्ट केले त्यांचे शौर्य राष्ट्राने वारसाहक्काने घेतले. त्यांच्या विनाशाची जबाबदारी मात्र दीर्घकाळ विस्मृतीत राहिली. ज्यांनी प्रत्यक्ष मैदान गाजविले त्या आफ्रिकन वंशाच्या खेळाडूंचे योगदानही या नावामागे झाकले गेले. पॅरिसचा लाडका आंद्रादे १९५७ मध्ये मोंटेव्हिडिओत दारिद्र्यात निधन पावला.

ऱ्हास आणि हुकूमशाही

१९५४ च्या उपान्त्य सामन्यात हंगेरीकडून जादा वेळेत ४-२ असा झालेला पराभव हा विश्वचषकातील उरुग्वेचा पहिलाच पराभव होता. त्यानंतर उतरती कळा लागली. लोकर व मांस यांच्या निर्यातीवर आधारलेली अर्थव्यवस्था खालावली, खेळाडू परदेशी जाऊ लागले आणि १९७३ ते १९८५ या काळात देश लष्करी राजवटीखाली गेला. १९७८ व १९८२ च्या विश्वचषकांना संघ पात्र ठरला नाही. १९८० च्या अखेरीस राजवटीने माजी विश्वविजेत्यांची स्पर्धा मोंटेव्हिडिओत भरविली आणि उरुग्वेने ती जिंकलीही. मात्र त्याआधी काही आठवडे, ३० नोव्हेंबर १९८० रोजी, जनतेने लष्कराचा घटनामसुदा सार्वमताने फेटाळला होता. स्पर्धेत प्रेक्षकांनी हुकूमशाहीविरोधी घोषणा दिल्या. विजयाचा आनंद आणि राजवटीचे समर्थन या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे जनतेने दाखवून दिले.

याच काळात 'गार्रा'चा अर्थही संकुचित झाला. समन्वयाच्या खेळाची जागा धसमुसळेपणाने घेतली. १९८६ च्या विश्वचषकात डेन्मार्ककडून १-६ असा पराभव झाला आणि स्कॉटलंडविरुद्ध होसे बातिस्ता याला पहिल्याच मिनिटात मैदानाबाहेर काढण्यात आले. मिथक जपले गेले, परंतु त्याला आधार देणारी व्यवस्था उरली नव्हती.

शिक्षकाचे पुनरुज्जीवन

२००६ मध्ये ऑस्कार ताबारेस यांची दुसऱ्यांदा प्रशिक्षकपदी नियुक्ती झाली. मूळचे प्राथमिक शिक्षक असलेले ताबारेस 'एल माएस्त्रो', म्हणजे 'गुरुजी', या नावाने ओळखले जातात. कनिष्ठ वयोगटांपासून ज्येष्ठ संघापर्यंत एकच कार्यपद्धती, शिस्त आणि शिक्षणाचा आग्रह हे त्यांच्या योजनेचे सूत्र होते. २०१० मध्ये संघ विश्वचषकात चौथा आला व दिएगो फोर्लान सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. २०११ मध्ये अर्जेंटिनात झालेली खंडीय स्पर्धा उरुग्वेने जिंकली. २०१० मध्ये घानाविरुद्ध अखेरच्या क्षणी लुईस सुआरेसने हाताने चेंडू अडविला, तेव्हा नैतिकतेचा वादही उद्भवला. त्याचीही नोंद करावयास हवी. २०२१ मध्ये ताबारेस यांची कारकीर्द संपली. तथापि २०२३ मध्ये वीस वर्षांखालील विश्वविजेतेपद उरुग्वेने पटकावले. यावरून घातलेला पाया टिकून असल्याचे दिसते.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, उरुग्वेचे यश हे कोणत्याही जमातीच्या रक्ताचे फलित नव्हते. सक्तीचे शिक्षण, श्रमिकांचा मोकळा वेळ, सार्वजनिक मैदाने आणि वर्णाचा अडसर न मानणारी संघनिवड यांतून ते साकारले. या गोष्टी ढासळल्या तेव्हा यश ओसरले आणि त्यांतील काही अंशतः पुन्हा उभ्या राहिल्या तेव्हा ते काही प्रमाणात परतले. जिद्दीचे मोल नाकारण्याचे कारण नाही; माराकानावर तिची गरज होतीच. परंतु जिद्दीला वंशाचे नाव दिले की, शाळा व मैदान यांचा खर्च कोणी केला आणि ज्यांचे नाव घेतले जाते त्यांचे काय झाले, हे दोन्ही प्रश्न बाजूला पडतात. राष्ट्रीय संघाचा इतिहास लिहिताना धावफलकाबरोबर या दोन प्रश्नांचीही नोंद ठेवणे इतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.