नीलांतील झडपा

पायाच्या बोटापर्यंत उतरलेले रक्त पुन्हा छातीपर्यंत चढून येते, ही गोष्ट आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु सुमारे चौदा शतके युरोपातील प्रचलित वैद्यकात तिला थारा नव्हता. दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गेलेन याच्या शिकवणीप्रमाणे अन्नापासून यकृतात रक्त तयार होई, नीलांतून ते सर्वांगाकडे जाई आणि पाटाचे पाणी शेतात जिरावे तसे तेथेच खर्ची पडे. जे जिरून जाते त्याला परतीची वाट कशाला हवी?

इटलीतील पॅड्युआ विद्यापीठात फॅब्रिशियस हा शारीरशास्त्राचा नामांकित अध्यापक होता. त्याच्या काळात, १५९४-९५ च्या सुमारास, तेथे शवविच्छेदनासाठी कायमचे दालन उभारले गेले. ते अद्याप उभे आहे. मध्यभागी मेज, आणि भोवती एकावर एक अशा सहा लंबवर्तुळाकार लाकडी रांगा. विद्यार्थ्यांनी उभे राहून खाली पाहावयाचे. नीलांच्या आत पातळ पडद्यांच्या झडपा असतात, हे फॅब्रिशियसने तपशिलाने दाखविले आणि १६०३ मध्ये त्यांवर सचित्र पुस्तिका काढली. त्या झडपा हृदयाच्या दिशेने उघडतात, हे त्याच्या चित्रांतही दिसते. मात्र त्याने अर्थ लावला तो असा, की रक्त एकदम खाली कोसळून हातापायांत साचू नये म्हणून हे बांध घातलेले आहेत. गेलेनचा पगडा इतका, की दार डोळ्यांसमोर असूनही ते कोणीकडे उघडते याचा विचार झाला नाही!

१६०० ते १६०२ या काळात विल्यम हार्वे हा इंग्रज तरुण पॅड्युआस शिकत होता. त्याने पुढे साधाच प्रश्न विचारला. रक्त खाली कोसळू नये म्हणून झडपा असतील, तर मानेच्या नीलांत त्या कशासाठी? तेथे रक्ताला हृदयाकडे यावयाचे तर खालीच यावे लागते, आणि तेथील झडपा खालच्या दिशेनेच उघडतात. म्हणजे प्रश्न वरखालीचा नसून हृदयाकडे जाण्याचा आहे.

त्याचा प्रयोग कोणालाही समजेल असा आहे. दंडाला बेताची घट्ट पट्टी बांधली की पुढच्या हातावरील नीला फुगतात आणि त्यांवर मधूनमधून गाठी उठतात; त्या झडपांच्या जागा. एका बोटाने नीला दाबून धरावी, दुसऱ्याने तिच्यातील रक्त वरच्या गाठीपलीकडे सारावे. मधला भाग रिकामा होतो व रिकामाच राहतो; वरचे रक्त मागे येत नाही. खालचे बोट उचलताच तो खालून भरतो. त्याला हार्वेने हिशेबाची जोड दिली. ठोक्याला अर्धाच औंस रक्त बाहेर पडते असे धरले, तरी हजार ठोक्यांत, म्हणजे अर्ध्या तासाच्या आत, ते पाचशे औंस होते. एवढे रक्त साऱ्या शरीरातही नसते. मग यकृताने ते क्षणोक्षणी नवे आणावे कोठून? तेच रक्त फिरून येत असले पाहिजे.

१६२८ मध्ये फ्रँकफुर्ट येथे त्याचा लहानसा लॅटिन ग्रंथ छापला गेला. त्यानंतर त्याच्याकडे येणारे रोगी बरेच घटले आणि लोक त्याला भ्रमिष्ट समजू लागले, असे त्याचा परिचित जॉन ऑब्री याने नमूद करून ठेवले आहे. पॅरिसच्या रिओलाँने केलेल्या विरोधाला त्याने १६४९ मध्ये लेखी उत्तर दिले. एक दुवा मात्र त्याला दाखविता आला नाही: हृदयाकडून निघालेले रक्त नीलांत शिरते कसे? १६५७ मध्ये तो वारला. चार वर्षांनी, १६६१ मध्ये, माल्पिघीने बेडकाच्या फुप्फुसाला सूक्ष्मदर्शक लावला आणि त्याला केसाहूनही बारीक वाहिन्यांचे जाळे दिसले.